देवीचं नाक

माय, तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. तू गेलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता शेहेचाळीस पूर्ण झाली. तू जगलीस त्याहून बारा वर्षं जास्त.

नवरात्राचा आदला दिवस. देव्हाऱ्यातले टाक काढून तू माझ्या पुढ्यात ठेवतेस, सोबत चिंच आणि राख. मी नऊ वर्षांची आहे आणि देव घासायचं काम मला पहिल्यांदाच मिळालं आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली आपली देवी बोटभर उंचीची. तीन पिढ्यांच्या घासण्यानं तिचे हात, त्रिशूळ सगळं सपाट झालेलं; नाक आणि दोन डोळे तेवढे उरलेले. बाबा ओसरीवर भजनी मंडळींना सांगायचे, "देवाले रूप नसते. रूप वरतं वरतं, देव त्याच्या मांगं." मांगं काय असतं ते मला बघायचं होतं. तू विहिरीवर गेलीस तशी मी विटकरीचा भुगा घेतला. नाक गेलं, मग डोळे गेले. मागं चांदीच होती, अजून थोडी.

दुपारच्या मोटारीनं राळेगावहून आत्या आली. पाय धुवून देव्हाऱ्यापुढे बसली आणि तिनं टाक उचलला.

"काय व, हिचं तोंड कुठी गेलं?"

तू माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "म्या घासला, बाई. जरा जोर झाला."

"जोर झाला? माह्या माय-बापाच्या घरचा देव खाल्ला तुनं! आता कोनाच्या पाया पडू मी?"

"कालपावतो जिच्या पडत होत्या तिच्याच पडा नं. ती कुठी जाते?"

बाबा ओसरीवर फस्सकन हसले. त्या हसण्यानं आत्या जास्तच पेटली. तिनं तिथंच सांगून टाकलं, या घरात पुन्हा या बाईनं देवाला हात लावायचा नाही. आणि रूप नसतं म्हणणारे बाबा गप्प बसले. बहिणीपुढे ते गप्पच बसत.

त्या संध्याकाळी तू मला चुलीपाशी बोलावलंस. टाक माझ्या तळहातावर ठेवलास.

"डोये मिट. कोन आहे?"

"देवी."

"कायवरून?"

"मधात खोलगट लागते."

"मंग? आता रडू नको. आन विटकर भांड्याले असते, देवाले नाही."

एवढंच रागावलीस. माझ्याकडून चुकून झालं असं तुला वाटलं, की तुला सगळं कळलं होतं, हे मी विचारलं नाही. बाबांनी कळंबच्या सोनाराकडून नवा टाक करून आणला, धारदार नाकाचा. नवरात्रात आत्या येऊन त्याची पूजा करायची. तू पाट्यावर पुरण वाटून झालं की चुलीशीच बसून हात जोडायचीस. तुझ्यासमोर ना मूर्ती, ना दिवा. काळी भिंत फक्त. चार नवरात्रं मी हे पाहिलं. दर वर्षी वाटायचं, आज सांगून टाकू. आत्याच्या तोंडाला घाबरले. पाचवं नवरात्र तू पाहिलं नाहीस.

पुढे मी सगुण-निर्गुणावर पुष्कळ लिहिलं. लोक म्हणतात, बाई सोपं करून सांगतात. सोपं मी नाही केलं, माय. एक बाई देवाशिवाय देवापुढे बसलेली मी नवरात्रात रोज बघत होते, आणि तिच्या तोंडावर रुसवा नव्हता. माझ्या लिखाणात जे काही टिकेल ते तिथलं आहे. त्यासाठी तुझे पाय धरायचे राहिले.

हे पत्र कुठं टाकणार? तुझ्यासमोर उभं राहून "म्या केलं, मुद्दाम केलं" एवढंच म्हणायचं होतं. म्हणून सकाळपासून तुला डोळ्यांपुढे आणते आहे. तुझा फोटो कधी निघालाच नाही. लुगड्याचा काठ येतो, बांगड्या येतात, आवाज तर कधीही येतो. चेहरा येत नाही, माय. बऱ्याच वर्षांपासून येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.