लोटनची निंदा

शिंदखेडे, सोमवार, माघ वद्य तृतीया, शके १८५७

दर सोमवारी तालुक्यातल्या होतकरू हुतूतू गड्यांची हकीकत मी धुळ्याच्या क्लबाला लिहून पाठवतो. त्यातून निवडून क्लब आपल्या मोठ्या संघात एकेकाला बोलावतो. आमच्या गड्याची स्तुती कमी पडली, ही तक्रार नेहमीची. आज मात्र शेजारच्या खेड्यातले संघचालक आबा टोपलीभर भाजक्या शेंगा घेऊन आले, ते निंदा मागायला!

"भाऊ, लोटनले जरा वाईट लिखा. चांगलं लिखं ते धुळावाला त्याले लई जातीन. मंग आमनाकडे कोन ऱ्हाई?"

लोटन हा त्यांचा सर्वांत चांगला गडी; धुळेवाल्यांनी त्याला नेले, तर संघात उरणार कोण, ही त्यांची काळजी. शेंगा खमंग होत्या. निंदा नि स्तुती सारखीच मानायला मी काही स्थितप्रज्ञ नव्हे, आणि अशा शेंगांपुढे तर मुळीच नाही. पण खुद्द लोटनला कोणी विचारले होते? तो बाहेर गाडीपाशी उभा होता. मी विचारले, तर बैलाच्या कानाकडे बघत म्हणाला, "मले जावानं शे. पन आबाले तुम्हीच सांगा."

त्याला जायचे होते, पण ते आबांना सांगणारा मी कोण? आत येऊन, शेंगा सोलता सोलता, सकाळी लिहिलेला मजकूरच आबांना वाचून दाखवला. लोटनने कालच्या सामन्यात सहा गडी मारले, स्वतः एकदाही पकडला गेला नाही.

आबांनी टोपली जवळ ओढली. टोपली उचलून नेतात की काय, ही मला धास्ती.

मग म्हणाले, "सहा नहीं, भाऊ. सात मारात त्यानी. नीट लिखा."

मी सहाचे सात केले.