निळा कान

उचगाव. रविवार, संध्याकाळ.

डोकं भणभणतंय. खंड्या पक्ष्याच्या दोन जाती, दिसायला जवळपास सारख्या. पाठ निळी, पोट तांबूस. फरक कानाचा. रोज दिसणाऱ्याचा कान तांबूस, दुर्मिळाचा निळा. रंकाळ्यावर दुर्बीण हातात देऊन हे मला शिकवलं ते संजूदादानंच.

गेल्या रविवारी राधानगरीकडच्या ओढ्यावर निळ्या कानाचा दिसला. फोटो आधी दादाला दाखवला. मोठा करून बघत म्हणाला, "सावली पडलीया गं. साधाच हाय. डिलीट मार, ग्रुपवर हसतील की लोकं."

मला कान निळाच दिसत होता. पण दादा म्हणतोय म्हटल्यावर? मारला डिलीट. मग त्यानं सहज विचारलं, ओढा कुठला, फांदी कुठली. तेही सांगून बसले. सहज? कसलं सहज!

आज पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो आलाय. तीच टोक मोडलेली फांदी, तोच निळा कान. सकाळपासून अभिनंदनाचा पाऊस. आता मी बोलले तरी दाखवू काय?

आणि फोटोखाली मलाच टॅग करून लिहिलंय, "बघून ठेव, निळा कान असा असतोय."