आर्डिसच्या मापाची रायफल

१ सप्टेंबर, रविवार
आर्डिसने जेवताना जाहीर केलं की यंदा हरणाच्या शिकारीला तीही येणार. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. इतकी वर्षं तिने फक्त माझी सँडविचं बांधून दिली. आता एकदम काय झालं? विचारलं. म्हणाली, "वेंडेल, तीन वर्षं आपल्या फ्रीझरमध्ये नुसते वाटाणे आहेत."
टोमणा होता. मी गिळला. तिन्ही हंगामांत माझी गोळी किंचित डावीकडून गेली. वारा होता. तिन्ही वेळा.
यामागे कोणीतरी आहे. बाई आपणहून अशी उठत नाही.

२ सप्टेंबर
ठराव. तिच्यासाठी रायफल मीच निवडणार. बावीस वर्षांचा अनुभव उगाच नाही. मोठी गोळी असली की नेम जरा चुकला तरी चालतं. मॅग्नमच उत्तम. सुरुवात माझ्या रायफलीवर करून देईन.

७ सप्टेंबर, शनिवार
खडीच्या खाणीमागे पहिला धडा. माझी मॅग्नम दिली. खांद्याला लावून म्हणाली, दस्ता फार लांब पडतो, वरच्या दुर्बिणीतून काळंच दिसतंय. मी म्हटलं, मान पुढे काढ. तिने काढली. एकच गोळी झाडली.
झटक्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसली. चार टाके.
डॉक्टरने विचारलं, शिकवत कोण होतं. मी तेवढ्यात गाडी नीट लावली आहे का बघायला गेलो.
तिला दोष देत नाही. मान जरा जास्तच पुढे काढली, एवढंच.

९ सप्टेंबर
नवा प्लॅन. बाईमाणसाला हलकी रायफल. साधी गोष्ट आहे.
कामावरून सुटल्यावर लायल टॉर्गरसनच्या दुकानात गेलो. गावात रायफली दुरुस्त करणारा हा एकच. माणूस अठ्ठावन्नचा, पण केस काळे. कसे, देव जाणे. म्हणाला, "हलकी नको रे. जितकी हलकी तितकी जोरात लाथ मारते. काडतूस लहान घे, वजन थोडं असू दे आणि दस्ता तिच्या हाताच्या मापाचा कर. बायकोला घेऊन ये. मी माप घेतो."
माप घेतो म्हणे! माझ्या बायकोचं!
घरी येऊन सांगितलं, दुकान बंद होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार
आर्डिस शाळेची बस उभी करून घरी आली, तोंड धुतलं, पुन्हा बाहेर पडली. कुठे? चर्चच्या गाण्याच्या तालमीला.
आर्डिस गात नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार
पुन्हा तालीम. परत आली तर गाल लाल. तोही एकच. उजवा.
तिचा कोट खुंटीवर नीट लावत होतो. खिशातून चिठ्ठी पडली. (पडली. मी काढली नाही.) अक्षर पुरुषी.
"साडेबारा इंच. खांदा आता छान बसतो. गाल अजून थोडा वर हवा. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू. लायल."
पाच वेळा वाचली.

२० सप्टेंबर
जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "गाल." आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. तिने विचारलं, दाढ दुखते का. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.
पक्की आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार
पाठलाग केला. धान्याच्या कोठाराआड गाडी लावून पावणेदोन तास बसलो. लायलच्या दुकानात दिवा. पडदा ओढलेला. काहीच दिसलं नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. बॅटरी उतरली. माझ्याच रस्ते खात्यातल्या पोरांनी गाडी ओढून नेली. विचारलं, इथे काय करत होतास? सांगितलं, बर्फाचा अंदाज घेत होतो.

३ ऑक्टोबर
ठराव. शांत राहायचं. पुरावा गोळा करायचा. माफ करायचं की नाही ते नंतर ठरवू. बहुतेक करीन. मी मोठ्या मनाचा आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार
शांत राहिलो नाही. दार ढकलून आत घुसलो.
आर्डिस दुकानाच्या मधोमध डोळे मिटून उभी होती. खांद्याला रायफल, गाल दस्त्यावर टेकलेला. लायल दस्त्यावर जाड लोकरी नमद्याची पट्टी चिकटवत होता. त्याची बायको बर्नडीन टेप धरून होती. तिघांनी माझ्याकडे बघितलं. बर्नडीन म्हणाली, "दार लाव, गार वारा येतोय."
मी म्हटलं, "मला सगळं कळलंय!"
आर्डिसने विचारलं, "काय कळलंय?"
बर्नडीनसमोर काय बोलणार? म्हटलं, "की... दस्ता लांब होता."
"ते मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," आर्डिस म्हणाली.
गाडीत बसलो. निम्म्या वाटेवर म्हणाली, "तू डॉक्टरला सांगितलंस की मी सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून लागलं. पडद्यामागून ऐकलं मी. ते सोडून दिलं. पण हे, आजचं, सोडणार नाही, वेंडेल."
(डॉक्टरशी दोन शब्द बोललो होतो खरा. गाडी बघून आल्यावर.)
दमली असेल. सकाळपर्यंत निवळेल.

११ ऑक्टोबर
निवळली नाही.

१५ ऑक्टोबर
अजून नाही. बशीत जेवण असतं. आवाज नसतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार
लायल आणि आर्डिस नव्या रायफलीचा नेम लावायला खाणीवर गेले. मीही गेलो. नवरा आहे. लहान काडतूस, आखूड दस्ता, मागे जाड रबर. आर्डिसने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. रायफल खांद्यावर नुसती हलल्यासारखी झाली. ती हसली. लायलकडे बघून.
म्हटलं, आता मीही दाखवतो. लायलने माझी मॅग्नम भरून हातात दिली. नेम धरला. चाप ओढला.
टिक्.
लायलने मुद्दामच आत काडतूस घातलं नव्हतं. तरी नळी वीतभर खाली गेली, डोळे गच्च मिटले, आणि मी तोंडाने कसलासा आवाज काढला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लायल हळूच म्हणाला, "लाज वाटून घेऊ नकोस. मोठी रायफल लाथ मारते, अंग ते लक्षात ठेवतं. तुलाही हिच्यासारखीच हवी होती. बावीस वर्षं अशीच मारतोयस?"
आर्डिस गवताकडे बघत होती. म्हणाली, "आज वारा नाहीये."
जमीन उतरती होती. नोंद असावी.

२० ऑक्टोबर
जमीन उतरती नव्हती.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
पंधरा दिवसांत पहिलं पूर्ण वाक्य बोलली. "यायचं असेल तर साडेपाचला निघते. रायफल आणू नकोस. दोर आण."

२६ ऑक्टोबर, शनिवार. हंगामाचा पहिला दिवस
ओढ्याच्या वरच्या अंगाला मादी दिसली. दीडशे यार्ड. मी कुजबुजलो, "जवळ जाऊया." तिने हाताने गप्प केलं. पिशवीवर रायफल टेकवली, श्वास सोडला. एक गोळी. हरणी वीस पावलं गेली आणि बसली, मग आडवी झाली.
आर्डिस तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली. रडत होती. मी टोपी काढली.
मग मी ओढली. दीड मैल. दोनदा पडलो.
शिकारीच्या तपासणी नाक्यावर माणसाने खिडकीतून आत वाकून माझं अभिनंदन केलं. सुरेख नेम, म्हणाला. मी तोंड उघडलं. आर्डिस दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती.
म्हटलं, "माझा नाही. हिचा."
"मग तुम्ही काय केलंत?"
"ओढली."
पुलाजवळ आल्यावर म्हटलं, "डॉक्टरला मी खोटं सांगितलं होतं. आणि लायलबद्दल नको ते डोक्यात घेतलं. चुकलो."
"माहीत आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं बोललास."
एवढ्यावर धीर आला. तिच्याकडे अजून एका हरणाचा परवाना आहे. विचारलं, "उद्याही येऊ का?"
म्हणाली, "उद्या बर्नडीन येतेय. ती ओढतेही आणि गप्पही बसते."