पेल्याचा वास

आबा, आज इथल्या, धुळ्याच्या डॉक्टरांनी मला रक्त पातळ करायची गोळी लिहून दिली. पायात गुठळी झालीय, तुमच्यासारखीच. गोळीसुद्धा तुमचीच, फक्त पाकिटाचा रंग बदललाय.

तुम्ही अमळनेरहून माझ्याकडे राहायला आलात, तेव्हा संध्याकाळची गोळी मी केळ्याच्या तुकड्यात खोचून द्यायचे. तुम्ही ती थुंकून टाकता असा मला संशय होता. गिळेपर्यंत समोरून हलायचे नाही. दोन महिन्यांत तुमचे डोळे पिवळे झाले. शेजारच्या अक्कांनी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली. ती रोज थोडी लांबते, खाली सरकते, तसतशी कावीळ उतरते म्हणे. माळ गळ्यात आली, तुम्ही मात्र आणखीच पिवळे. अक्का कानाशी लागल्या, "लिव्हर काय उगाच खराब व्हस? चोरीसन पेतस का, देख."

मग मी पाळत ठेवली. उशीखाली हात घातला, तुमची पिशवी उलटी केली. एका दुपारी तुम्ही मोरीजवळ पाणी पीत होतात, तर पेला हातातून घेऊन हुंगला. तुम्ही भिंतीला टेकलात. "पानीच शे, बेटा," म्हणालात. "परत वास ले, म्हणजे तुनं समाधान व्हई जाई." रागावला असतात तर बरं झालं असतं. मी खरंच परत हुंगला.

माळ पोटापर्यंत आली तेव्हा कुठे तुम्हाला जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. ही गोळी एखाद्याच्या लिव्हरला सोसत नाही, म्हणाले, आणि बंद केली. फार उशीर झाला होता. आदल्या संध्याकाळपर्यंत मी ती न चुकता दिली होती.

तुम्ही गेल्यावर लोकांना मी काय सांगितलं ते तुम्हाला ठाऊक नाही. 'घ्यायचे थोडी.' त्यावर कुणी पुढे विचारत नाही. गोळीचं सांगितलं असतं, तर ती कोण देत होतं हेही विचारलं असतं.

आज डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला या गोळीने लिव्हरचा त्रास झाला होता का. सवयीने तेच तोंडातून निघालं, वडील प्यायचे. त्यांनी ते लिहूनही घेतलं. पाकीट समोर पडलंय, अजून फोडलं नाही. दोनदा आरशात डोळे बघून आले. उद्या जाऊन तो कागद दुरुस्त करायला सांगायचंय, पण तिथे जीभ रेटेल याचा माझा मलाच भरवसा नाही, म्हणून आधी इथे लिहून बघतेय.

पेल्याला कसलाच वास नव्हता, आबा. पहिल्यांदा हुंगला तेव्हाच मला कळलं होतं.