पानाखालचे दाणे

दि. १४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. तुमच्या भावाचा खोकला ओसरला. सूनबाई परसातलं तण उपटायला निघाली होती, मी आडवी आले. म्हटलं, वन्संना विचारल्याशिवाय इथली एक काडी हलणार नाही.

मागच्या पत्राचं उत्तर लांबलं, त्याचं कारण सांगते.

जन्मभर मुलांना झाडपाला शिकवलात, आता गुडघ्यांनी तुम्हाला घरी बसवलं. म्हणून मी हिंडते, दिसेल ते लिहिते आणि नाव तुम्ही लावता. कुंपणाकडच्या रोपाची डहाळी चिकटवून मी लिहिलं होतं, ‘चिंचेसारखी बारीक पानं, पानाखाली काही नाही.’ तुम्ही कळवलंत, “सोबतच्या डहाळीला पानाखाली दाण्यांची रांगच्या रांग आहे. भुईआवळी आहे ती. आता एक तर ती खोटं बोलते, नाहीतर तू. डोळे दाखव.”

रागच आला. भिंग घेऊन कुंपणापाशी गेले, पान उलटलं. नुसता हिरवा धूर. मग बोट फिरवलं, तर जपाच्या माळेसारखा मणी मणी लागत गेला.

वन्सं, मला वर्षभर ठाऊक होतं. हिशेबाची वही मोठ्या अक्षरात लिहू लागले, बल्बला नावं ठेवली, डाळीतले खडे तुमच्या भावाच्या दातांना सापडू लागले. माझ्या आईचे डोळे काचबिंदूने गेले, ते याच वयात. दाखवलं नाही म्हणजे झालं नाही, असं धरून बसले. देवापुढे रोज बसायचे, पण त्यालाही सांगितलं नाही.

शेवटी तुमचं पत्रच ह्यांच्या हातात दिलं. हे चपला घालून दारात उभे राहिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काचबिंदू नाही हो, साधा मोतीबिंदू. चांगला पिकलाय.”

हे म्हणाले, “पिकणारच. वर्षभर अढीत घालून ठेवला होता हिने.”

हसू की रडू, कळेना. दोन्ही झालं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. परवा पट्टी निघाली, काल भुईआवळीपाशी जाऊन आले. दाण्यांच्या पुढे फुलंसुद्धा आहेत हो! मोहरीएवढी, फिकट पिवळी. इतकं बारीक काम देव पानाखाली लपवून का करतो, तुम्हीच सांगा.

नव्या रोपाची डहाळी चिकटवली आहे. खोडावर लव आहे, एकाच बाजूला. या खेपेस पानाखाली पाहून लिहिते आहे.

तुमची भावजय