शिंकेबद्दल ब्र काढू नकोस

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे वाकत असते तर साष्टांग घातला असता, तू तेवढा धरून चाल. तुझी कंबर काय म्हणते? दाजींना नव्या चष्म्यातून तू नीट दिसतेस ना? (दिसत असशील तर बिचारे इतके गप्प का, तेही कळव.)

आता दार लावून घे आणि मग पुढे वाच. आपल्या साहेबांच्या आयुष्यावर सिनेमा निघतोय आणि मंगळवारी त्याची लेखिका माझ्याकडे येऊन गेली. बोलणं गोड, चहा मात्र बिनसाखरेचा. मला तिथेच संशय आला. फोन टेबलावर पालथा ठेवून म्हणते, "काका, साहेबांच्या सिनेमाच्या त्या गाजलेल्या शेवटाबद्दल काही आठवतं?" सगळं सोडून नेमका शेवटच कसा गं सुचला हिला? यात नक्की पाणी मुरतंय.

तुला ठाऊकच आहे, साहेब कधी "कट" म्हणायचे नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला की मी कॅमेरा बंद करायचा, बावीस वर्षं हाच रिवाज. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. नायिका "मी आजपासून" एवढंच म्हणाली, साहेबांना शिंक आली, त्यांनी रुमाल काढला, मी कॅमेरा बंद केला. दुसऱ्या दिवशी ती लग्न करून परदेशी गेली, झालं! त्या अर्ध्या वाक्यावर विद्वानांनी तीन पुस्तकं लिहिली. ('अपुरेपणाचं तत्त्वज्ञान' म्हणे. कसलं डोंबलाचं तत्त्वज्ञान!)

हे तिघांनाच माहीत. साहेब गेले, मी तोंड उघडलेलं नाही, आणि तू तेव्हा कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करत होतीस. मी तुझ्यावर संशय घेत नाही, फक्त विचारतो, हल्ली कुणाशी बोललीस?

मी तिला ताकास तूर लागू दिली नाही. दोन तास हवापाण्यावर बोललो. तिने जुने फोटो मागितले, तर साहेबांचा नाकाला रुमाल लावलेला फोटो मी बसल्या जागी खुर्चीच्या गादीखाली सारला आणि ती जाईपर्यंत हललो नाही. पाठ धरली, पण साहेबांची अब्रू राखली. तुलाही विचारायला येतील. तुला माझ्या गळ्याची शपथ, शिंकेबद्दल एक अक्षर काढू नकोस.

तुझाच,
धाकटा

ता. क. : जाताना ती पटकथा ठेवून गेली होती, "चुका सांगा" म्हणून. सापळा असणार म्हणून तीन दिवस हात लावला नाही. आत्ता वाचली. एकशे बारा पानं. शिंक नाही. कॅमेरा साहेब स्वतःच चालवतात! (ज्यांना भिंगावरचं झाकण काढायचीही आठवण करून द्यावी लागायची, ते.) मी कुठेच नाही, ताई. गर्दीतसुद्धा नाही.

आणखी ता. क. : तिचा नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय. आजच फोन कर आणि शिंकेचं सगळं सांग. रुमाल कुणाला दिसला, कॅमेरा कुणी बंद केला, सगळं नावानिशी. मी शपथ घातली होती हेही सांग, म्हणजे तिला खरं वाटेल.