बटण, बटण, बटण

दि. ३ जून

ती. दादास,
चिमीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण माझं खोटं तुला लगेच कळतं. आमच्या पाणीखात्यात तक्रारी नोंदवायला नवा प्रोग्राम आलाय. तुला ठाऊकच आहे, माझं काम कानांवर चालतं. संगणक स्क्रीन वाचून दाखवतो, मी ऐकते आणि कळा दाबते. या नव्या प्रोग्रामात बटणांना नावंच दिलेली नाहीत. कानात नुसतं "बटण, बटण, बटण." जतन करणारं कुठलं आणि पुसून टाकणारं कुठलं, देव जाणे!

साहेब गोड आवाजात म्हणाले की ताई, तुम्ही आता दाराशी बसा, आल्यागेल्याचं स्वागत करा, पगार तोच. मी साफ नाही म्हटलं. मी काय फुलदाणी आहे?

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतोस की नुसता कण्हतोस?

तुझी,
चिमी

दि. ९ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वहिनी खूश झाली आणि मी काळजीत पडलो. पगार तोच आहे ना? मग बस की दाराशी. दिसत नसताना ही नोकरी मिळवायला तू किती दारं झिजवलीस, ते मी पाहिलंय. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे, आणि तू तर पाणीखात्यात! इतकी वर्षं बस चालवतोय. समोरून ट्रक आला की हक्क माझा असला तरी मी गाडी बाजूला घेतो.

रागावलीस तरी चालेल, पण माया आटवू नकोस.

तुझा,
दादा

दि. २३ जून

ती. दादास सा. न.

ट्रक आला. मी बाजूला झाले नाही.

हेडफोन काढले आणि आवाज पूर्ण मोठा केला. दिवसभर कचेरीत "बटण, बटण, बटण." शेजारचा कारकून कानात बोळे घालून बसला. साहेब धावत आले, म्हणाले बंद करा ते. मी म्हटलं, मी कामच करतेय. मला रोज जे ऐकू येतं तेच आज तुम्हालाही येतंय.

मग एक बाई आली. नळाला गढूळ पाणी, घरात तान्हं मूल. मी तक्रार भरली, अंदाजाने बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. दादा, तेव्हा मात्र मला रडू आलं. बाई चिडली. मी तिला तशीच साहेबांच्या खोलीत नेलं आणि तक्रार कशामुळे गेली ते सांगितलं. ती खुर्चीत बसली ती उठेचना. म्हणाली, बटणांना नावं मिळेपर्यंत मी इथंच आहे. साहेबांनी तिच्यासमोर प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. नावं द्यायला त्यांना एक दुपार पुरली. एवढंसं काम!

आता साहेबांना माझ्या जिद्दीचा सत्कार करायचाय. मी सांगितलं, हार नको. यापुढे कुठलाही प्रोग्राम विकत घेण्याआधी तो मला ऐकवायचा. तसं सहीनिशी लिहून घेतलंय.

आशीर्वाद भरपूर पाठव. सल्ला तुझ्याकडेच राहू दे.

तुझीच,
चिमी